वाँटेजचा पत्रव्यवहार आणि पंडिता रमाबाईंचें आज्ञापालन

पंडिता रमाबाईंनीं ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांतील वाँटेज या गांवीं आपल्या कन्येसह बाप्तिस्मा घेतला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या कृत्याविषयीं महाराष्ट्रांत तेव्हांपासून जें लिहिलें गेलें, त्याचा मोठा भाग हेतूच्या चर्चेंत खर्ची पडलेला आहे. कोणीं परान्नाचें ओझें हें कारण दिलें, कोणीं मिशनरी बायांचें मोहजाल म्हटलें, आणि ख्रिस्ती लेखकांनीं तोच प्रसंग अंतरींच्या प्रकाशाचा म्हणून वर्णिला. जोतीराव फुले यांनीं १८८५ सालच्या ‘सत्सार’ पुस्तिकेंत बाईंचा पक्ष घेतला. परंतु त्यांचा रोख बाईंच्या अंतःकरणापेक्षां आर्यशास्त्रांनीं स्त्रीशूद्रांस दिलेल्या स्थानाकडे अधिक होता. परक्याच्या मनांतील हेतूंच्या वाटेस इतिहासकारानें जाऊं नये, असें एक मत आहे व सामान्यतः तें शहाणपणाचें आहे. तथापि ज्या ठिकाणीं समकालीन अस्सल कागद उपलब्ध आहे आणि तो कागद हेतूचीच चर्चा करीत आहे, त्या ठिकाणीं मौन धरणें म्हणजे साधन हातीं असून तें न वापरणें होय.

असा कागद येथें आहे. वाँटेजच्या सेंट मेरी भगिनीसंघांतील सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. त्यांचा व बाईंचा, तसेंच चेल्टनहॅमच्या कन्याविद्यालयाच्या मुख्याध्यापिका डॉरोथिया बील व आणखी कांहीं धर्माधिकारी यांचा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीन यांनीं जपून एकत्र केला, आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें तो १९७७ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध केला. संग्राहकांस एक गोष्ट सांगावयास नको. कागद कोणीं जपला, हें कागदांत काय आहे याच्या इतकेंच महत्त्वाचें असतें. येथें शिष्येचीं आज्ञाभंगाचीं पत्रें गुरुस्थानीं असलेल्या व्यक्तीनेंच जपलीं आहेत. जीं पत्रें जाळून टाकलीं असतीं तर आपल्याच पक्षाची सोय झाली असती, तीं तिनें जाळलीं नाहींत. त्यांवर आपला अभिप्राय लिहून पुढें ठेविलीं. तो अभिप्राय रमाबाईंस बहुधा प्रतिकूल आहे. त्यांत गर्वाचा आरोप पुनःपुन्हां येतो. अशा हातानें जपलेलें साधन पक्षपाताच्या संशयापासून पुष्कळ अंशीं मुक्त असतें, असें आम्ही समजतों.

याच्या जोडीला बाईंनीं स्वतः १९०७ सालीं लिहिलेली साक्ष आहे. ती सुंदर आहे, प्रांजळ आहे. परंतु बाप्तिस्म्यानंतर चोवीस वर्षांनीं लिहिलेली आहे. राजवाड्यांनीं बखर व अस्सल पत्र यांमधील जो भेद आपल्या लोकांच्या मनावर बिंबविला, तो येथें लागू करावयास हवा. १९०७ ची साक्ष ही बाईंची बखर होय. १८८४ व १८८५ सालचीं पत्रें हें दप्तर होय. दोहोंत जेथें भेद पडेल तेथें आम्ही दप्तर प्रमाण मानूं. मात्र बाईंच्या बालपणाविषयीं दप्तर नाहीं, तेथें बखरीवरच भिस्त ठेविली पाहिजे.

आणि बालपणापासूनच आरंभ केला पाहिजे. कारण आज्ञापालन ही वस्तु बाईंस वाँटेज येथें प्रथम भेटली असें नाहीं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे रामचंद्रशास्त्री साठे यांचे शिष्य. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यांत पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत, तें पाहून आपल्याहि पत्नीस शिकवावें ही इच्छा अनंतशास्त्र्यांस झाली, असें परंपरा सांगते. पुढें लक्ष्मीबाईंस त्यांनीं संस्कृत शिकविलें तेव्हां गवगवा झाला व उडुपी येथें धर्मगुरु आणि पंडित यांच्यासमोर त्यांस जबाब द्यावा लागला. शास्त्रीबुवांनीं क्षमा मागितली नाहीं, बंडहि केलें नाहीं. स्त्रियांस वेदांचा निषेध असला तरी पुराणादि वाङ्मयाचा नाहीं, हें त्यांनीं ग्रंथाधारानें मांडलें. म्हणजे पंडितांच्या आज्ञेपेक्षां शास्त्राची आज्ञा वरिष्ठ मानून, त्या शास्त्राच्या मर्यादेंत मात्र ते कांटेकोर राहिले. मुलीलाहि घरांत भागवत पढविलें गेलें, वेद पढविला गेला नाहीं. या माणसाची मुलगी पुढें बिशपांशीं कशी बोलेल याचा अंदाज येथेंच करावा.

गंगामूळच्या रानांतील आश्रम अतिथींच्या सत्कारांत द्रव्य संपल्यामुळें सुटला आणि कुटुंब पुराणें सांगत तीर्थयात्रेस निघालें. व्रतें, उपवास, दानें, पुण्यक्षेत्रीं वास, जें जें ग्रंथांत लिहिलें तें तें या कुटुंबानें केलें. दुष्काळ आला तेव्हां हातांतील सर्व देवाब्राह्मणांस देऊन झालें होतें. मोलमजुरी करणें जातीच्या मानास कमी, भिक्षा मागणें स्वभावास अशक्य. बाईंनीं लिहिल्याप्रमाणें वडिलांनीं तीर्थांत देह टाकण्याचा निश्चय केला; तेव्हां पुत्र श्रीनिवास यानें, आतां जातीचा अभिमान बाजूस ठेवून मी मजुरी करतों, असें म्हणून त्यांस थांबविलें. परंतु उशीर झाला होता. १८७४ सालीं आईबाप दोन्ही गेलीं. मरतांना अनंतशास्त्र्यांनीं धाकट्या मुलीस जवळ घेऊन सांगितलें कीं, तुला मीं ईश्वराच्या हातीं दिली आहे, तूं त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर.

ही आज्ञा या लेखांतील पहिली महत्त्वाची आज्ञा होय. तींत कोणत्याहि विधीचा उल्लेख नाहीं, फळाचें वचन नाहीं. आईबापांच्या पश्चात् हीं भावंडें हिंदुस्थानभर पायीं हिंडलीं, पुष्कळ काळ तींच व्रतें करीत राहिलीं, आणि हळूहळू त्यांचा विश्वास ढळला. कारण ग्रंथांनीं ज्या अटी घातल्या त्या पाळूनहि ग्रंथांनीं कबूल केलेलें फळ आलें नाहीं. मीमांसकांच्या परिभाषेंत बोलावयाचें तर काम्य कर्म विफल झालें. काम्य कर्म फळ न आल्यास सोडतां येतें. नित्य कर्म फळ न आलें तरी सोडतां येत नाहीं. बाईंनीं काम्य तेवढें सोडलें. वडिलांची आज्ञा त्यांनीं नित्य म्हणून धरून ठेविली, असें पुढील सर्व आयुष्यावरून आम्हांस दिसतें.

१८७८ साली कलकत्त्यास मिळालेल्या ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या, १८८० सालीं भावाचा मृत्यु, त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं विवाह, १८८२ च्या फेब्रुवारींत वैधव्य, पुण्यांतील आर्य महिला समाज व हंटर कमिशनपुढील साक्ष, हें सर्व वाचकांस परिचित आहे. १८८२ सालीं छापलेल्या ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीवर इंग्लंडचा खर्च निभावला, आणि वाँटेजला राहण्याच्या मोबदल्यांत हिंदुस्थानांत येणाऱ्या भगिनींस मराठी शिकवावयाचें ठरलें, एवढें ध्यानांत ठेवावें, लोभाचा प्रश्न निघेल तेव्हां याचा उपयोग आहे. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनीं वाँटेज येथें आत्महत्या केली. आपणांस बळानें बाटविणार या भीतीनें त्यांचें मन फिरलें होतें, असें मॅक्समूलरनें लिहिलें आहे. त्या दारुण प्रसंगानंतर रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. पुण्यांतील टीकाकारांनीं या दोन गोष्टी एकमेकींस जोडल्या, हें स्वाभाविकच होतें. भ्यालेली बाई दबावानें वांकली, हा त्यांचा निष्कर्ष मात्र पत्रें वाचल्यावर टिकत नाहीं. कारण भीतीनें वांकलेली व्यक्ति पुढच्याच वर्षीं ताठ उभी राहत नाहीं.

बाई उभ्या राहिल्या त्या पहिल्या प्रथम एका लहानशा व्यावहारिक गोष्टीवर. चेल्टनहॅम येथें त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांसहि देशी भाषा शिकवाव्या असा विचार निघाला. मुंबईचे व लाहोरचे बिशप यांनीं हरकत घेतली: हिंदुस्थानांतील लोकांत याचा बोभाटा होईल व बाईंच्या भावी कार्यास बाध येईल. सिस्टर जेराल्डीन यांस वडीलधाऱ्यांचा हा सल्ला म्हणजे आज्ञाच वाटली. रमाबाईंचें उत्तर असें कीं, स्वदेशांत मीं पुरुषांच्या सभांत व्याख्यानें दिलीं आहेत. माझ्या देशांतील लोकांस काय रुचतें हें मला इतरांनीं सांगण्याचें कारण नाहीं. आणि सल्ला ऐकणें निराळें, इच्छा गहाण टाकणें निराळें. तसाच वाद अन्नावरून. अंडें घातलेलें पक्वान्न बाई खात नसत, व तें जातीच्या अभिमानाचें शेष होय असें सिस्टरांस वाटे. क्रुसावर लॅटिन अक्षरें असावीं कीं संस्कृत, यावरहि मतभेद झाला. बाईंनीं संस्कृताचा आग्रह धरला. आमच्यासारख्या संस्कृतांत आयुष्य घालविलेल्या माणसास हा आग्रह वाचतांना थोडें बरें वाटतें, हें आम्ही लपवीत नाहीं. पण त्या आनंदाचा निर्णयाशीं संबंध नाहीं.

खरा वाद १८८५ सालीं सिद्धांतांवर आला. अथानासी मतांगीकार, त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचें ईश्वरत्व यांविषयीं बाईंस शंका होत्या व त्या त्यांनीं लपविल्या नाहींत. सिस्टर जेराल्डीन यांचें म्हणणें असें कीं, बाप्तिस्म्याच्या वेळीं तूं मंडळीची शिकवण स्वीकारलीस, आतां बालकाप्रमाणें तिच्या अधीन राहा. शंका हें गर्वाचें चिन्ह आहे. यावर त्या वर्षीच्या मे महिन्यांतील एका दीर्घ पत्रांत बाईंनीं जें लिहिलें त्याचा सारांश असा: ईश्वराच्या वचनाचें पालन आणि धर्माधिकाऱ्यांचें संपूर्ण आज्ञापालन या दोन भिन्न गोष्टी आहेत. मी ख्रिस्ताच्या मंडळींत आहें, म्हणून तिच्या अधिकाऱ्यांच्या मुखांतून पडणारा प्रत्येक शब्द मला बंधनकारक होत नाहीं. माझी विवेकबुद्धि माझी आहे व ईश्वरानें ती मला वापरण्यासाठींच दिली आहे. स्वदेशांतील पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून काढलें. तसलेंच दुसरें जूं ईश्वराची आज्ञा म्हणून मी मानेवर घेणार नाहीं. हें सर्व ज्या व्यक्तीस लिहिलें तिला बाई इतर पत्रांत ‘आजीबाई’ म्हणून संबोधीत. पत्रांतील कठोरपणा आणि हें नातें दोन्ही एकाच लेखणींतून उतरलेलीं आहेत. त्यांपैकीं एकच पाहणाऱ्यांनीं बाईंस कृतघ्न तरी ठरविलें आहे, नाहीं तर वीरांगना तरी.

आतां या भूमिकेची परीक्षा. पूर्वमीमांसेच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत स्मृतींच्या प्रामाण्याचा विचार आला आहे, हें शास्त्रज्ञ वाचकांस सांगणें नको. स्मृति प्रमाण खरी, परंतु तिच्या मुळाशीं श्रुति असावी या अनुमानावर. प्रत्यक्ष श्रुतीशीं विरोध आला तर तें अनुमानच उभें राहत नाहीं. शबरस्वामींनीं औदुंबरीचें उदाहरण दिलें आहे: श्रुति म्हणते खांबाला स्पर्श करून गावें, स्मृति म्हणते खांब सगळा वस्त्रानें वेष्टावा, सगळा वेष्टिला तर स्पर्श कशाला करावयाचा? म्हणून स्मृति बाजूस. त्यापुढील सूत्र अधिक मार्मिक आहे. ज्या स्मृतीच्या मुळाशीं ऐहिक हेतु दिसतो, तिच्यासाठीं श्रुतीचें अनुमान करण्याची गरजच नाहीं. होमानंतरचें वस्त्र अध्वर्यूनें घ्यावें, असें वचन आढळलें तर तें कोणा लोभी ऋत्विजानें चालू केलें असावें, असें भाष्यकार स्पष्ट म्हणतात. कुमारिलभट्टांस हा स्पष्टपणा सोसला नाहीं व त्यांनीं निराळा अर्थ लाविला, ती गोष्ट अलाहिदा.

रमाबाईंचा सर्व युक्तिवाद याच सांच्यांत बसतो. बायबल त्यांची श्रुति, मतांगीकार व बिशपांचे निर्णय त्यांची स्मृति. बाईंस हें अधिकरण ठाऊक होतें व तें त्यांनीं वापरलें, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु उडुपीच्या सभेंत ज्या पित्यानें पंडितांपुढें शास्त्र ठेविलें, त्याच्या घरांत आज्ञेचें मूळ विचारण्याची रीत होती. ती रीत मुलीबरोबर समुद्रापार गेली. इंग्रज भगिनींनीं तिला युरोपांतील बंडखोर पंथांचा संसर्ग मानलें. आम्हांस ती दक्षिणी शास्त्र्याच्या घरची दिसते.

मात्र मूळ विचारणारा मनुष्य प्रामाणिकच असतो असें नाहीं. पुष्कळ लोक मूळ विचारतात तें न पाळण्याची सोय व्हावी म्हणून. गर्वाचा आरोप म्हणूनच हंसण्यावारी नेतां येत नाहीं. चौथ्या शतकांतील ख्रिस्ती आचार्य बासिल यानें आज्ञा पाळणाऱ्यांचे तीन वर्ग सांगितले आहेत: शिक्षेच्या भयानें पाळणारा दास, वेतनासाठीं पाळणारा मोलकरी आणि प्रेमानें पाळणारा पुत्र. या कसोटीवर १८८५ ची रमाबाई लावून पाहावी. ती आश्रयानें राहत होती. परदेशांत, चार वर्षांची मुलगी पदरीं, शिक्षण अपुरें, ऐकू येणें मंद होत चाललेलें. स्वदेशांत तिच्यासाठीं दार बंद. ज्यांच्या अन्नावर ती होती त्यांसच तिनें हीं पत्रें लिहिलीं. मोलकरी असती तर तिनें मान डोलविली असती; तेवढेंच अपेक्षित होतें व मान डोलविल्यानें सर्व सुखरूप झालें असतें. दास असती तर भ्याली असती. स्वहिताच्या विरुद्ध दिलेली साक्ष अधिक विश्वसनीय, हा न्याय न्यायालयांत चालतो, तो इतिहासांतहि चालावा. परान्नाच्या लोभाचा पुण्यांतील आरोप या एका पुराव्यानें पडतो असें आम्हांस वाटतें.

गर्वाचें उत्तर इतकें सोपें नाहीं. बाईंच्या कांहीं पत्रांत धार आहे, व ती धार सर्वत्र आवश्यक होती असें आम्ही म्हणणार नाहीं. तथापि ज्या गोष्टींत बाईंनीं आज्ञा मानली त्यांची यादी आज्ञाभंगाच्या गोंगाटांत हरवून जाते. उपासना, प्रार्थना, अभ्यास यांत त्या नियमित होत्या. फुलहॅम येथें पतित स्त्रियांसाठीं भगिनींनीं चालविलेला आश्रम पाहून त्यांचें मन विरघळलें आणि योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांच्या मनांत कायमची रुतली. जेथें आज्ञेच्या मुळाशीं करुणा दिसली तेथें त्या आपण होऊन वांकल्या.

सिस्टर जेराल्डीन यांच्यावरहि अन्याय होऊं नये. त्यांनीं आज्ञाधारकतेचें व्रत स्वेच्छेनें घेतलें होतें; त्यांना तें जूं वाटत नव्हतें, आधार वाटत होता. वडिलांचें ऐकण्यांतच ईश्वराचें ऐकणें आहे, असें त्या मानीत व त्याप्रमाणें आचरीत. त्यांचा हेतुहि निर्मळच होता. दोन्ही बाजूंस प्रामाणिकपणा असला म्हणजे तंटा मिटतो, हा समज या पत्रव्यवहारानें खोटा ठरतो. येथें दोन्हीकडील प्रामाणिकपणामुळेंच तो लांबला. १८८६ च्या फेब्रुवारींत, वडीलधाऱ्यांच्या मनाविरुद्ध, बाई आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं अमेरिकेस निघून गेल्या.

आतां बखर व दप्तर यांतील भेद. १९०७ च्या साक्षींत बाई म्हणतात कीं, १८८३ सालीं आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु ख्रिस्त मिळाला नाहीं. तो सुमारें आठ वर्षांनीं, १८९१ च्या सुमारास, मिळाला. या वाक्याचा आधार घेऊन कांहीं लेखक वाँटेजच्या रमाबाईंस केवळ बुद्धिवादी ठरवितात. आमच्या मतें ही बखरीची नेहमींची प्रवृत्ति होय: उत्तरकालीन उत्कर्ष अधिक उठून दिसावा म्हणून पूर्वकाल फिका रंगविला जातो, व लिहिणाऱ्यास त्याची जाणीव असतेच असें नाहीं. १८८५ च्या पत्रांतील स्त्री ईश्वराच्या वचनाखातर आश्रय गमावण्यास तयार होती. तिच्यापाशीं नुसतें तर्कपांडित्य होतें, हें तिनें स्वतः म्हटलें तरी आम्ही मान्य करणार नाहीं.

एक प्रश्न मात्र मोकळेपणानें विचारला पाहिजे. ता. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें व पुढल्या वर्षीं तें पुण्यास आलें. तेथें बाई स्वतः वडीलधाऱ्या झाल्या. धर्माच्या बाबतींत सक्ति नाहीं, ही त्यांची अट होती. परंतु स्वतःच्या प्रार्थनेच्या खोलीचें दार त्या उघडें ठेवीत आणि मुली आपण होऊन येऊन बसत. १८९३ सालीं यावरून वादळ झालें. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांनीं सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. जिनें अन्न दिलें, अक्षर शिकविलें, डोक्यावरून हात फिरविला, तिच्या खोलींत शिरणाऱ्या बालविधवेची इच्छा कितपत स्वतंत्र, हा रानडे-भांडारकरांचा प्रश्न खोडसाळ नव्हता. उलट दार लावून घेणें म्हणजे स्वतःचा धर्म लपविणें, हें बाईंचें उत्तरहि खोटें नव्हतें. सिस्टर जेराल्डीन व रमाबाई यांच्यामधील तंटा येथें जागा बदलून पुन्हां उभा राहतो. बाई प्रौढ होत्या, पंडिता होत्या, प्रतिवाद करूं शकत होत्या. त्या मुलींच्या हातीं तसें शस्त्र नव्हतें, आणि आमचा कल या एका बाबतींत राजीनामा देणाऱ्यांकडे आहे.

बाईंनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून समग्र बायबलाचें मराठी भाषांतर केलें. केडगांवच्या मुक्तिसदनांतील स्त्रियांनींच तें छापलें, आणि ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई वारल्या त्यानंतर, १९२४ सालीं, तें प्रसिद्ध झालें. कोणाच्या मध्यस्थीवांचून मूळ वचनापर्यंत जावें व तें गरीब बायकांस कळेल अशा बोलींत आणावें, हा तो खटाटोप होय.

या विषयांत पुढें काम करणारांस मोठी अडचण अशी कीं, हा सर्व पत्रव्यवहार इंग्रजींत आहे. बाईंची ती शिकाऊ भाषा होती. स्वभाषेंत त्यांनीं याच वेळीं स्वदेशीं काय लिहिलें, याचा नमुना म्हणून सदाशिव पांडुरंग केळकर यांस लिहिलेलें व १८८३ सालीं पुस्तकरूपानें निघालेलें ‘इंग्लंडचा प्रवास’ हें पत्र आहे. पण तें बाप्तिस्म्यापूर्वींचें आहे. १८८३ चा आक्टोबर ते १८८६ चा फेब्रुवारी या मुदतींतील बाईंचीं मराठी पत्रें, किंवा त्या काळीं पुण्याहून व मुंबईहून त्यांस गेलेल्या पत्रांच्या नकला, कोणाच्या घरीं जुन्या रुमालांत असतील तर त्यांनीं त्या नजरेखालून घालाव्या. विशेषतः ज्या घरांचा आर्य महिला समाजाशीं अगर प्रार्थनासमाजाशीं संबंध होता त्यांनीं. कागद जीर्ण असल्यास उलगडण्यापूर्वीं जाणत्यास दाखवावा, आणि पाकीट असल्यास तें टाकूं नये. तारखेचा शिक्का बहुधा त्याच्यावरच असतो.